जुन्या मोटारीचा इंधनदर्शक कांटा व त्याची परीक्षा

गेल्या दसऱ्याच्या आदले दिवशीं पहांटे चारच्या सुमारास वाघोली येथील आमच्या एका बागायतदार स्नेह्यांची जुनी डिझेल जीप नगर रस्त्यावर, खराडीच्या अलीकडे, एकाएकीं बंद पडली. गाडींत झेंडूचीं पोतीं भरलेलीं होतीं व तीं उजाडण्यापूर्वीं पुण्यास गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत पोंचणें अगत्याचें होतें. इंधनदर्शक कांटा टाकी निम्मी भरली असल्याचें दाखवीत होता. त्यामुळें डिझेल संपलें असेल ही शंका कोणाच्याच मनांत आली नाहीं. चालकानें बॅटरी पाहिली, फिल्टर पाहिला, पंपाच्या नळ्या चांचपल्या. इकडे मागून येणारे मालट्रक अंधारांत उभ्या असलेल्या त्या गाडीस अगदीं खेटून जात होते, व पोत्यांवर बसलेला स्नेह्यांचा धाकटा मुलगा भिऊन खालीं उतरला आणि रस्त्याच्या कडेस जाऊन उभा राहिला. अखेर दोन तासांनीं एका वृद्ध मिस्त्र्यानें टाकीचें झांकण काढून आंत काठी घातली. काठी कोरडी निघाली. "मालक, आधीं काठी घालायची, मग कांट्याला विचारायचं," एवढेंच तो म्हणाला.

डिझेल आणून ओतलें, तरी नळ्यांत शिरलेली हवा काढून टाकीपर्यंत आणखी अर्धा तास गेला. माल बाजारांत पोंचला तेव्हां चढा भाव देणारे व्यापारी खरेदी उरकून गेले होते. पुढें गाडी दुरुस्तीस दिली असतां तींत नवा कांटा बसविण्यांत आला, त्याचे पैसेही दिले गेले. आणि तो नवा कांटाही जुन्याप्रमाणेंच निम्म्यावर उभा राहिला! दोष कांट्यांत नव्हताच. टाकींतील तरंगाची दांडी गंजून एका जागीं अडकून बसली होती. पांच मिनिटांची एक साधी परीक्षा आधीं केली असती तर नव्या कांट्याचा खर्च वांचला असता. आणि कांटा आठ दिवस एकाच जागीं आहे एवढें जरी कोणीं पाहिलें असतें, तरी झेंडूचा बाजार हातचा गेला नसता. ती परीक्षा कशी करावी, हें आमच्या कास्तकार बंधूंस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तेथें आम्हीं एक गोष्ट पुरती ओळखली. गांव नमुना बारामध्यें पिकाची नोंद असते. पण नोंद म्हणजे पीक नव्हे. बांधावर न जातां चावडींत बसून मागील वर्षाची ज्वारी यंदाच्या रकान्यांत उतरून काढली, तर कागदावर ज्वारी दिसते व शेतांत ऊंस उभा असतो. अशी खोटी नोंद हुडकावयाची खूण सोपी असते. ती वर्षानुवर्षें बदलत नाहीं. मोटारीच्या कांट्याचेंही तसेंच आहे. कांटा हा टाकींतील इंधनाचा केवळ अहवाल होय. गाडी रोज धांवत असतां जो कांटा हालत नाहीं, तो अहवाल देत नसून जुनी नोंद उतरून काढीत आहे, असें खुशाल समजावें.

या गाड्या कोणत्या

वाघोली गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत गेला, पुष्कळ जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. तथापि ज्यांच्याकडे अद्यापि मळा आहे, त्यांच्या गोठ्याशेजारीं एखादी जुनी गाडी हटकून आढळते. १९४७ सालापासून महिंद्र कंपनीनें मुंबईस विलीस जीपची जुळणी सुरू केली; त्या वंशांतील गाड्या आमच्या भागांत शेतावर फार राबल्या. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यास तयार झालेली फियाट, म्हणजेच पुढील काळची पद्मिनी, व २०१४ सालीं जिचें उत्पादन थांबलें ती ॲम्बॅसॅडर, याही कोठें कोठें घरचीं माणसें म्हणून सांभाळलेल्या दिसतात. या सर्वांत, आणि कांटा असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांतही, इंधन दाखविण्याची रचना एकाच तत्त्वावर आहे. म्हणून खालील रीत सर्वांस लागू पडते.

रचना कशी असते

या यंत्रणेचे तीन भाग. पहिला, टाकींतील तरंगा, ज्यास मिस्त्री लोक फ्लोट म्हणतात. इंधनावर एक हलकी डबी तरंगत असते. ती एका दांडीच्या टोकास बसविलेली असून दांडीचें दुसरें टोक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतें. इंधन कमी झालें कीं डबी खालीं येते, दांडी सरकते, व विजेच्या वाटेंतील अडथळा कमी अथवा जास्त होतो. दुसरा भाग म्हणजे टाकीपासून चालकापुढील फळीपर्यंत जाणारी तार. तिसरा भाग म्हणजे स्वतः कांटा. बॅटरीची वीज किल्लींतून व फ्यूजमधून कांट्यास येते, तारेनें तरंगाकडे जाते, आणि तरंगाच्या अंगांतून गाडीच्या लोखंडांत उतरून बॅटरीकडे परत फिरते. या परतीच्या वाटेस अर्थ म्हणतात. एवढी वाट ध्यानांत ठेविली म्हणजे दोष कोठें आहे हें शोधणें पाटाचें पाणी कोठें फुटलें हें शोधण्याइतकेंच सोपें आहे; मुखापासून शेवटापर्यंत क्रमानें चालत जावें, मध्येंच उडी मारूं नये.

कांटेही दोन जातींचे आहेत. एका जातींत किल्ली फिरवितांच कांटा झटकन् आपल्या जागीं जातो. त्यांत तारेचीं वेटोळीं असतात. दुसऱ्या जातींत कांटा हळू हळू चढतो. त्यांत दोन धातूंची जोडपट्टी विजेनें तापून वांकते. या दुसऱ्या जातीच्या कित्येक गाड्यांत फळीमागें एक लहानशी डबी असून ती कांट्यास सुमारें १० व्होल्टचाच एकसारखा दाब पुरविते. अशा कांट्यास बॅटरीचे १२ व्होल्ट परभारें कधींही जोडूं नयेत, कांटा जळेल.

आधीं सावधगिरी

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीसरशी पसरते व खड्ड्यांत सांठते. म्हणून काम उघड्यावर, सपाट जागीं करावें. दुरुस्तीच्या खड्ड्यांत अथवा बंद गोठ्यांत करूं नये. विडी, कंदील, चूल जवळ नसावी. रिकामी टाकी निर्धोक असते ही समजूत घातक आहे. भरलेल्या टाकीपेक्षां वाफेनें भरलेली रिकामी टाकी अधिक भयंकर. तिला डाख देण्याचें वा वेल्डिंगचें काम घरीं मुळींच करूं नये. टाकी उघडण्यापूर्वीं बॅटरीची अर्थकडील तार सोडावी. तारेची परीक्षा टाकी बंद असतांनाच करावी, आणि प्रत्येक तार जोडतांना अथवा सोडतांना किल्ली बंद असावी. म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडणार नाहीं. डिझेल पेट्रोलप्रमाणें चटकन् पेटत नाहीं हें खरें, पण हे नियम त्यालाही पाळावेत.

पहिली पायरी: काठी

टाकींत इंधन खरोखर किती आहे हें कळल्यावांचून कांटा खरा कीं खोटा हें कसें ठरणार? जुन्या जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीं असते व तिच्या तोंडांतून काठी सरळ तळास पोंचते. काठी बांबूची, कोरडी व स्वच्छ असावी. तिचीं कुसळें घांसून काढावीं. ज्या गाड्यांची नळी वांकडी असल्यामुळें काठी जात नाहीं, त्यांनीं टाकी एकदां तोंडोतोंड भरून घ्यावी व मीटरवरील किलोमीटरचा आंकडा लिहून ठेवावा. पुन्हां भरतांना किती लिटर बसलें यावरून खप कळतो, आणि खपावरून शिल्लक कळते. गाडी उतारावर उभी असल्यास काठी आणि कांटा दोन्ही फसवितात, हेंही ध्यानांत असावें.

दुसरी पायरी: लक्षणें

कांटा सदैव रिकामें दाखवीत असेल तर फ्यूज, तुटलेली तार, गंजलेला अर्थ अथवा बुडालेला तरंगा यांकडे पहावें. सदैव भरलेलें दाखवीत असेल तर तारेचें आवरण घांसून तार कोठें तरी गाडीच्या लोखंडास लागली असण्याचा संभव असतो. मात्र कांहीं गाड्यांत रचना उलट असते. तेथें तार तुटली असतां कांटा भरलेलें दाखवितो व लोखंडास लागली असतां रिकामें दाखवितो. मध्येंच कोठें तरी अडकून राहत असेल तर दांडी अडकली आहे असें प्रथम समजावें. खड्ड्यांतून जातांना वेड्यासारखा हेलकावे खात असेल तर सैल जोड अथवा वेटोळ्याची झिजलेली तार हें कारण असूं शकतें. इंधनाबरोबर उष्णतेचा कांटाही चुकत असेल, तर टाकीकडे जाऊंच नये. दोघांस वीज पुरविणारी फळीमागची डबी, तिचा अर्थ, अथवा दोघांचा एकच असलेला फ्यूज तपासावा.

तिसरी पायरी: फ्यूज व अर्थ

फ्यूज नुसता डोळ्यांनीं पाहून भागत नाहीं. तो काढून त्याचीं टोकें व त्याची बैठक पॉलिश पेपरनें घांसावी. त्यानंतर तरंगाजवळ जावें. जीपमध्यें तो आसनाखालीं टाकीच्या माथ्यावर, व मोटारींत बहुधा मागील सामानाच्या कप्प्याच्या तळाशीं झांकणाखालीं सांपडतो. आमच्या भागांत खाणींची भुकटी व पावसाळ्यांतील चिखल टाकीवर थरावर थर बसतो; त्याखालीं स्क्रू गंजतात, आणि विजेची परतीची वाट बुजते. थर ब्रशनें झाडून घ्यावा. मग किल्ली बंद ठेवून एका जाड तारेचें एक टोक तरंगाच्या पत्र्याच्या अंगास व दुसरें चॅसीच्या घांसून उजळलेल्या लोखंडास पक्कें जोडावें, आणि नंतर किल्ली फिरवून कांटा पहावा. कांटा शुद्धीवर आला तर काम झालें. तीच तार कायमची बसवावी. जुन्या गाड्यांत हा दोष वारंवार आढळतो व त्याच्या दुरुस्तीस जवळ जवळ कांहींच खर्च येत नाहीं. म्हणून कोणताही भाग विकत घेण्यापूर्वीं हा उपाय करावा.

चौथी पायरी: तारेची परीक्षा

हीच ती पांच मिनिटांची परीक्षा. किल्ली बंद करून तरंगावरील कांट्याकडे जाणारी तार सोडावी व तिचें टोक कशासही लागणार नाहीं असें धरून ठेवावें. कांहीं गाड्यांत तेथें दुसरीही एक तार असते; ती इंधन संपत आल्याची सूचना देणाऱ्या दिव्याची होय, तिची गल्लत होऊं देऊं नये. आतां दुसऱ्या मनुष्यानें किल्ली फिरवावी व कांटा कोठें जातो तें सांगावें. पुन्हां किल्ली बंद करावी. तारेचें टोक चिमट्यानें चॅसीच्या स्वच्छ लोखंडास जोडावें व पुन्हां किल्ली फिरवावी. हळू चढणाऱ्या कांट्यास थोडा अवकाश द्यावा; मात्र तो टोकास पोंचतांच किल्ली बंद करावी, कारण अशा रीतीनें फार वेळ वीज खेळविल्यास कांट्यास इजा होते.

कांटा एका वेळीं एका टोकास व दुसऱ्या वेळीं दुसऱ्या टोकास गेला, तर कांटा व तार दोन्ही निर्दोष. अपराधी टाकींत आहे. कांटा दोन्ही वेळीं जागचा हालला नाहीं, तर फळीमागें कांट्याच्या ज्या स्क्रूस टाकीकडील तार लागते, ती तेथून सोडून त्याच स्क्रूवरून एक नवी तार तात्पुरती अर्थास जोडून पहावी. आतां कांटा हालला तर मधली तार तुटली आहे अथवा लोखंडास लागली आहे, ती बदलावी. तरीही न हालल्यास कांट्यापर्यंत वीज येते कीं नाहीं तें मल्टिमीटरनें पहावें. वीज येत असून कांटा स्तब्ध असेल, तरच, आणि तेव्हांच, नवा कांटा घ्यावा. आमच्या स्नेह्यांच्या जीपची ही परीक्षा मागाहून केली, तेव्हां जुना कांटा या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनचूक फिरला. तो निरपराध असतां सेवेंतून दूर झाला होता.

पांचवी पायरी: तरंगा

टाकींतील इंधन बरेंच कमी झालें असतांना, बॅटरीची तार सोडून, भोंवतालची माती पुसून तरंगा बाहेर काढावा. काढतांना दांडी वांकणार नाहीं अशी खबरदारी घ्यावी. दांडी हातानें वरखालीं करून पहावी. ती कोठेंही अडखळतां कामा नये. टाकीपासून दूर नेऊन मल्टिमीटर लावावा व दांडी सावकाश फिरवावी. अडथळ्याचा आंकडा एकसारखा चढला अथवा उतरला पाहिजे. मध्येंच आंकडा नाहींसा होत असेल तर वेटोळें झिजलें आहे असें जाणावें. डबी कानाशीं धरून हालवावी. आंत खळखळ वाजल्यास तिला छिद्र पडून इंधन शिरलें आहे. पितळी डबीस घरीं डाख देण्याच्या मोहांत पडूं नये. आंतील वाफ पेट घेऊन डबी हातांत फुटेल. नवीच डबी बसवावी.

पेट्रोलच्या फार जुन्या गाड्यांच्या मालकांनीं आणखी एक गोष्ट पहावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आतां सर्वत्र मिळतें. २० टक्के मिश्रणाचें जें उद्दिष्ट मूळ २०३० सालचें होतें, तें २०२५ सालींच गांठलें गेलें. त्यांतील पुष्कळसें इथेनॉल आमच्या ऊंसकऱ्यांच्याच घामाचें, आणि त्याबद्दल आम्हांस आनंदच आहे. परंतु कित्येक जुन्या गाड्यांचा तरंगा बुचाचा असून त्यावर लाखेचें रोगण असतें, व लाख इथेनॉलमध्यें विरघळते. रोगण गेलें कीं बूच इंधन पितें, जड होतें, बुडतें, आणि टाकी भरली असतांही कांटा कमी दाखवितो. जुन्या रबरी नळ्या व पॅकिंगही या इंधनानें नरम पडतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतें. म्हणून गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीनें उभी ठेवूं नये, नाहीं तर टाकी आंतून गंजते व तोच गंज दांडीच्या सांध्यांत बसतो.

नवा तरंगा घ्यावयाचा झाल्यास जुना बरोबर घेऊन पुण्यास नाना पेठेंत जावें. मोटारीच्या सुट्या भागांचीं दुकानें तेथें पुष्कळ आहेत. नुसतें भोंक जुळून उपयोग नाहीं. टाकी भरलेली व रिकामी असतांना तरंगाचा अडथळा किती, हें कांट्याशीं जुळलें पाहिजे. अन्यथा नवा माल बसवूनही कांटा आयुष्यभर चुकीचेंच सांगेल. बसवितांना पॅकिंग नवें घालावें, आणि पुढील दोन दिवस इंधनाचा वास येतो कीं काय तें पहावें.

शेवटचें काम: काठीवर खुणा

दुरुस्ती झाल्यावर टाकी जवळ जवळ रिकामी असतांना गाडी सपाट जागीं उभी करावी व मापानें पांच पांच लिटर इंधन घालावें. प्रत्येक पांच लिटरास काठीवर चाकूनें खूण करावी आणि कांटा कोठें आला तें वहींत लिहावें. टाकीचा आकार सारखा नसल्यामुळें कांट्याचीं घरें सारखीं नसतात. पुष्कळ गाड्यांत वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो व खालचा झपाट्यानें. निम्म्यावर आला म्हणजे निम्मेंच शिल्लक आहे असें धरणारा मनुष्य वाटेंत फसतो. वहींतील हा तक्ता एकदां तयार झाला कीं तो गाडी असेपर्यंत उपयोगी पडतो.

आमच्या स्नेह्यांनीं जुना कांटाच पुन्हां बसविला. दांडीचा सांधा मोकळा करून तरंगा साफ केला व नवें पॅकिंग घातलें. खुणांची बांबूची काठी आतां आसनामागें कायमची ठेवलेली असते, आणि बाजारास निघण्यापूर्वीं तोच धाकटा मुलगा ती टाकींत घालून वहींत आंकडा लिहितो. दर सोमवारीं काठी व कांटा ताडून पाहण्याचा त्यांचा नियम आहे. दोघांत फरक पडला तर त्याच दिवशीं तपास करावयाचा, असें त्यांनीं ठरविलें आहे. ज्या बंधूंच्या घरीं जुनी जीप, मोटार अथवा ट्रॅक्टर असेल, त्यांनीं येत्या सोमवारीं एकदां काठी घालून पहावी, अशी आमची विनंती आहे.